चौदावा नियम

"पश्चात्ताप कमी पडतोय," बोर्डेसर म्हणाले आणि त्यांनी कागद टेबलावरून परत सरकवला.

समोर सातवीतला योसेफ उभा होता. त्याने व्हरांड्यात शिट्टी वाजवली होती.

"सर, दोन पानं लिहिलंय की."

"पानं मोजायला बसलोय का मी? शिट्टी वाजली, चूक झाली, क्षमा असावी. बस? अंतःकरण कुठाय यात?"

योसेफने कागद उलटा करून मागच्या बाजूला पाहिलं. अंतःकरण तिकडेही नव्हतं.

"पुन्हा लिहून आण. शुक्रवारच्या आत. जा."

मी त्याच खोलीत बाजूच्या बाकावर हजेरीपटाला कव्हर घालत बसलो होतो आणि मान खाली घालून हसू दाबत होतो. कारण ती दोन पानं माझी होती. योसेफ रविवारच्या मटणातला एकच तुकडा देणार होता, तोही हाडाचा. हाडाच्या तुकड्यात जेवढा पश्चात्ताप बसतो तेवढाच मी दिला होता.

या गोष्टीला आता चौतीस वर्षं झाली. एलायझा टॉबिन मेमोरियल हायस्कूल असं शाळेचं लांबलचक नाव. गावात मात्र सगळे 'टॉबिनबाईची शाळा' म्हणायचे. ही टॉबिनबाई शंभर वर्षांपूर्वी आगबोटीतून आली, तापाने गेली आणि ऑफिसातल्या फोटोत राहिली. शाळा मिशनची, पण पोरं सगळ्या जातीधर्मांची. आम्ही ख्रिस्ती पोरं बहुतेक बोर्डिंगात, बाकीची गावातून येऊन-जाऊन. मी शांतवन मकासरे, दहावीत, बोर्डिंगातला. माझे वडील मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते.

बोर्डेसर हेडमास्तर होऊन आले आणि त्यांनी शिस्तीचे तेरा नियम काढले. नखं, केस, सदरा आत, डाव्या बाजूने चालणे, आवारातल्या चिंचा न पाडणे, असे बारीकसारीक. नववा नियम होता, 'प्रार्थनेत डोळे मिटलेले असावेत.' नियम मोडला तर छडी नाही. छडीवर सरांचा विश्वास नव्हता. "छडी कातडीला लागते, मला आत पोचायचंय," असं ते म्हणायचे. म्हणून त्यांनी पश्चात्तापपत्र काढलं. ज्याने नियम मोडला त्याने पत्र लिहायचं, सरांनी ते तपासायचं, शुक्रवारी प्रार्थनेच्या हॉलमध्ये सगळ्या शाळेपुढे मोठ्याने वाचायचं. वाचून झालं की पाचशे पोरांनी एका सुरात म्हणायचं, "आम्ही क्षमा केली!" की मग विषय संपला. पुन्हा चिंचा पाडायला पोरगं मोकळं.

छडी परवडली असती हो. छडी दोन मिनिटांत खाऊन होते. हे पत्र सर तांबड्या शाईने तपासायचे. समासात शेरे असायचे, 'वरवरचे', 'दुःख दिसत नाही', 'अश्रूंचा उल्लेख हवा'. गावातली पोरं तर रडकुंडीला यायची. त्यांना बिचाऱ्यांना आमची मिशनची भाषा कुठून येणार? मला यायची. लहानपणापासून चर्चच्या उपासनेत पाळकसाहेबांच्या मागे बसून पाठ झाली होती. आधी एकाला लिहून दिलं, मग दोघांना, मग धंदाच सुरू झाला. नखांसाठी अर्धं पान. चिंचांसाठी एक पान. बायबलातला, बापाचा पैसा उडवून रडत घरी परतलेला उधळा पुत्र घालायचा असेल तर दोन तुकडे, बिनहाडाचे.

दोन वर्षांत मी दीडशेवर पत्रं लिहिली. सरांना वाटायचं, अख्खी शाळाच पालटलीय. दर शुक्रवारी ते रुमालाने डोळे टिपायचे. आणि माझी स्वतःची पाटी एकदम कोरी. तेरापैकी एकही नियम मी कधी मोडला नव्हता. सद्वर्तनाची ढाल त्या वर्षी मलाच मिळणार हे शिपायालासुद्धा माहीत होतं.

माझा दोस्त होता मुरली कासुळे. गावातल्या लहू पेंटरचा मुलगा. लहू पेंटर दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची वाक्यं, निवडणुकीच्या भिंती, सगळं रंगवायचा, आणि मुरलीचा हात बापापेक्षा सफाईचा होता. मुरलीने मला पत्र कधी लिहायला लावलं नाही. तो चिंचा पाडायचा आणि पत्रात एकच ओळ लिहायचा. 'चिंचा पाडल्या. आंबट होत्या.' सर ते पाच वेळा परत करायचे, सहाव्या वेळी थकून पास करायचे.

"शंत्या, तुझी पत्रं ऐकली की मला वाटतं कुणाचा तरी खून झालाय," तो म्हणायचा.

तर त्या वर्षी बिशपसाहेब शाळा पाहायला येणार होते. सरांनी मुरलीला बोलावून तेरा नियम मोठ्या फळ्यावर रंगवायला सांगितले. प्रार्थनेच्या हॉलच्या बाहेर, निळ्या फळ्यावर पांढरी अक्षरं. मुरलीने आठ दिवस खपून ती काढली. कडेची पट्टी तेवढी राहिली होती, म्हणून रंगाचा डबा आणि ब्रश त्याने शनिवारी तिथेच बाकाखाली ठेवला.

रविवारी संध्याकाळच्या उपासनेला आम्ही रांगेने हॉलकडे निघालो आणि पुढची पोरं थबकली. तेराव्या नियमाखाली, त्याच पांढऱ्या रंगात, त्याच वळणात एक ओळ आली होती.

'१४. प्रार्थनेत घोरू नये.'

आता कुणी घोरायचं हे सांगायची गरजच नव्हती. पाळकसाहेबांची प्रार्थना लांबली की व्यासपीठावर खुर्चीत बसलेल्या बोर्डेसरांची मान पुढे यायची आणि घर्र घर्र सुरू व्हायचं. दोन वर्षं पाचशे पोरं ते ऐकत होती आणि दोन वर्षं कुणी ब्र काढला नव्हता.

सोमवारी सकाळी सरांनी शाळा उभी केली.

"हे ज्याने लिहिलंय," ते म्हणाले, "त्याने एक नाही, दोन नियम मोडलेत. मी झोपतो असा त्याचा आरोप आहे. ठीक. पण पाहिलं कुणी? ज्याने पाहिलं त्याने प्रार्थनेत डोळे उघडले. म्हणजे नववा नियम मोडला!"

हा मुद्दा त्यांना स्वतःलाच इतका आवडला की ते क्षणभर थांबले. आणि त्या शांततेत दहावीच्या रांगेतून मुरलीचा आवाज आला.

"सर, घोरणं बघावं लागत नाही. ऐकू येतं."

अहो, काय हसली शाळा! शिक्षकसुद्धा हसले, गणिताच्या बाई तर पदर तोंडाला लावून मागे वळल्या. मुरलीने काही थट्टा केली नव्हती. सरांच्या बोलण्यातली चूक दिसली, ती त्याने सांगितली. पण सरांचा चेहरा पाहिला आणि मी ओळखलं, संपलं.

दुपारी त्याला ऑफिसात बोलावलं. मी होतोच तिथे, हजेरीपट घेऊन.

"रंग तुझा, ब्रश तुझा, वळण तुझं," सर म्हणाले.

"वळण माझ्यासारखं आहे, सर. माझं नाही."

"रविवारी दुपारी कुठे होतास?"

"बापाबरोबर. ट्रक रंगवत होतो."

"साक्षीदार?"

"बाप."

"बाप साक्षीदार चालत नाही. हे बघ मुरलीधर, मी कठोर माणूस नाही. शुक्रवारी बिशपसाहेबांसमोर पश्चात्तापपत्र वाच. आम्ही क्षमा करू, मी स्वतः करीन, बोर्डाच्या परीक्षेचा फॉर्म भरला जाईल. नाही वाचलंस, तर शनिवारी दाखला हातात. वर्षाच्या मध्याला दाखला घेऊन कुठली शाळा घेते ते तू बघ."

"मी लिहिलंच नाही, तर पश्चात्ताप कशाचा करू?"

"तेच तर!" सर म्हणाले. "तुझा हाच तर दोष आहे."

मुरलीचा बाप पाचवीपर्यंत शिकलेला. मुरलीने दहावी पास व्हावं, मग चित्रकलेच्या कॉलेजात जावं, हे त्या बापाने गावभर सांगून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी लहू पेंटर शाळेच्या फाटकाशी आला आणि मलाच गाठलं.

"शांतवन, बाळा, तू हुशार हाईस. त्याला काय तरी लिहून दे. वाचंल तो. मी सांगतो त्याला."

"देतो, काका," मी म्हणालो.

आणि लिहिलं. बुधवारी दुपारभर चिंचेखाली बसून तीन पानं लिहिली. जन्मात लिहिलं नव्हतं असं लिहिलं. त्यात उधळा पुत्र नव्हता, अश्रू बेताचेच होते. रविवारची ती दुपार होती, मटणाच्या जेवणावर सुस्त पडलेलं बोर्डिंग, ओस व्हरांडा, हातातला ब्रश, छातीतली धडधड, आणि लिहून झाल्यावरचा आनंद. हो, आनंदही घातला. आधीच्या दीडशे पत्रांत तो कुठेच नव्हता.

गुरुवारी मधल्या सुट्टीत मुरलीने ते वाचलं. हॉलच्या मागच्या पायरीवर बसून, सावकाश. मी वाट बघत होतो की म्हणेल, वा शंत्या. तो दुसऱ्या पानावर थांबला. ओळीवर बोट ठेवून त्याने ती मोठ्याने वाचली.

"'ब्रश मी धुतलासुद्धा नाही. तसाच डब्यात खुपसून पळालो.'"

"का? काय झालं?"

"सोमवारी सकाळी मला तो ब्रश सापडला. दगडासारखा झाला होता. मी गुपचूप विहिरीत टाकला. म्हटलं दाखवला तर माझ्यावरच येईल. कुणाला बोललो नाही. बापालासुद्धा नाही." त्याने कागदाची घडी घातली. "पेंटरचं पोरगं ब्रश न धुता उठत नसतं, शंत्या. तुला कसं कळलं?"

मी कागदासाठी हात पुढे केला.

होय, मीच लिहिलं होतं. का लिहिलं म्हणाल, तर दीडशे पापांचा पश्चात्ताप लिहून झाला होता आणि पाप एकही केलं नव्हतं. एकदा करून बघावंसं वाटलं. मुरलीला अडकवायचं माझ्या मनातसुद्धा नव्हतं. वळण त्याचं घेतलं ते फळा वाईट दिसू नये म्हणून. मी चांगली प्रत करणारा होतो, आणखी काय! सदऱ्याच्या बाहीला पांढरा डाग पडला, तो सदरा मी ट्रंकेच्या तळाशी दडवला होता.

"तू सांग," मुरली म्हणाला. चिडून नाही, अगदी साधं. "मी नाही सांगणार. तू उठून सांग. तुला काय, तुला लगेच माफ करतील. ढाल जाईल फार तर."

"सांगतो."

"नक्की?"

"देवाशप्पथ."

"देवाला मधे नको घेऊ. नुसतं सांग."

शुक्रवार उजाडला. हॉलला रंगीत कागदांच्या पताका, व्यासपीठावर बिशपसाहेब, जांभळ्या झग्यात, पांढरी दाढी, चेहरा इतका मायाळू की बघूनच पाप कबूल करावंसं वाटावं. मागे पालकांमध्ये लहू पेंटर धुतलेलं धोतर नेसून बसला होता. चार किरकोळ पत्रं वाचून झाली. योसेफची शिट्टीही होती. बिनहाडाचा तुकडा मिळाल्यामुळे त्यात अंतःकरण आलं होतं. "आम्ही क्षमा केली!" हॉल दणाणला. मग सरांनी नाव पुकारलं.

"मुरलीधर लहू कासुळे."

तो उठला, पुढे गेला. हातात कागद नव्हता.

"मी लिहिलं नाही," तो म्हणाला आणि माझ्याकडे बघत उभा राहिला.

मी उठलो. हे मात्र माझ्या बाजूने सांगितलंच पाहिजे. पुढे गेलो, मुरलीशेजारी उभा राहिलो आणि तोंड उघडलं. 'सर, ते मी लिहिलं' एवढंच म्हणायचं होतं. पण खरं बोलायची मला सवय कुठे होती? तोंडातून पत्र बाहेर पडलं.

"पूज्य गुरुजनहो! या निरपराध बंधूकडे बोट दाखवू नका. दोषी मी आहे. हा डाग त्याचा नव्हे, माझा आहे. जी शिक्षा त्याच्यासाठी ठरली ती माझ्या माथी येऊ द्या..."

आणि सुटलोच की मी! थांबता येईना. आवाज आपोआप जिथे चढायचा तिथे चढत होता, जिथे फुटायचा तिथे फुटत होता. गणिताच्या बाईंनी पदर डोळ्यांना लावला. मी संपवलं. मी क्षमेची वाट पाहत उभा राहिलो.

बिशपसाहेब उठले. हळूहळू पायऱ्या उतरून आले. त्यांचे डोळे भरले होते.

"बोर्डेसाहेब," ते म्हणाले, "मी चाळीस वर्षं व्यासपीठावरून सांगत आलो, एकाने दुसऱ्याचा दोष आपल्या शिरावर घ्यावा. आज डोळ्यांनी पाहिलं. काय मुलं घडवलीत तुम्ही!"

"साहेब, पण..." मी म्हणालो.

"नम्र आहे," बोर्डेसर पटकन म्हणाले. तेही रडत होते. "शाळेतला सर्वांत गुणी मुलगा आहे, साहेब. दोन वर्षांत एकही नियम मोडलेला नाही. मित्रासाठी केवढी माया!"

"साहेब, मी खरंच..."

"बाळा," बिशपसाहेबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, "मला कळलं."

काय करायचं अशा माणसांचं? मी सरळ खोटं बोललो असतो तर एखाद्याने तरी संशय घेतला असता. आमच्या लोकांना जन्मापासून एकच गोष्ट शिकवलेली, निर्दोष माणूस दोषी माणसासाठी उभा राहतो. ती गोष्ट समोर घडताना दिसली, आणि दोघांपैकी निर्दोष कोण हे त्यांनी केसांचा भांग बघून ठरवलं.

तरीसुद्धा एक वाक्य पुरलं असतं. 'माझ्या ट्रंकेत सदरा आहे, तळाशी, बाहीला रंग लागलाय, आणून बघा.' मला ते वाक्य येत होतं. शब्दन् शब्द तयार होता. पण त्या म्हाताऱ्याचा हात डोक्यावर होता, ऊबदार. पाचशे पोरं माझ्याकडे बघत होती. सर ढाल आणायला शिपायाला खूण करत होते. मुरली माझ्या डावीकडे हातभर अंतरावर उभा होता आणि वाट बघत होता. बघत होता की मी बोलेन.

मी डोळे मिटले. नववा नियम पाळला.

मुरली मधल्या वाटेने चालत मागे गेला, डाव्या बाजूने, नियमाप्रमाणे. त्याने बापाचा हात धरला आणि दोघं बाहेर पडले. शनिवारी दाखला मिळाला. त्यावर वर्तनाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'पश्चात्तापशून्य'. कुठल्याच शाळेने घेतला नाही त्याला. तो बापाच्या शिडीवर चढला.

मी शिकलो, बीएड झालो, त्याच शाळेत लागलो आणि सहा वर्षांपूर्वी हेडमास्तर झालो. बोलण्यात माझा हात धरणारं जिल्ह्यात कुणी नाही. ढाल अजून घरी आहे, बायको तिला दर नाताळला चिंच लावून घासते.

गेल्या महिन्यात क्लार्क म्हणाला, सर, नियमांचा फळा पार गेलाय, पेंटर सांगू का? मी म्हणालो सांग. कुठला पेंटर हे मी विचारलं नाही. गावात चांगला पेंटर एकच आहे हे मला काय माहीत नव्हतं?

सोमवारी सकाळी प्रार्थनेआधी मी तिकडून गेलो तेव्हा तो शिडीवर होता. केस पांढरे, नाकावर चष्मा. इतकी वर्षं एका गावात राहून मी त्याची गल्ली टाळत आलो होतो, आणि तो शाळेची. तेराही नियम लिहून झाले होते. वळण तेच.

"नमस्कार, सर," तो म्हणाला.

"सर काय म्हणतोस, मुरली?"

"मग काय म्हणू? हेडमास्तर आहात." तो शिडीवरून उतरला. "खाली एका ओळीची जागा उरलीय. काही घालायचंय?"

मी चौतीस वर्षं या क्षणाची तयारी केली होती. घसा साफ केला.

"मुरली, आज अंतःकरणाच्या तळापासून..."

"नको," तो म्हणाला. "फार छान बोलता तुम्ही. नको."

मग कुठून बळ आलं कोण जाणे, म्हणालो, "ते मी लिहिलं होतं."

एवढंच. चार शब्द. बोलायला चौतीस वर्षं लागली.

"मला माहितीय की," मुरली म्हणाला. "मला सांगून काय उपयोग? त्यांना सांगा." त्याने हॉलच्या दाराकडे मान वळवली. आत पोरं रांगेने बसत होती, सहाशे तरी असतील. मग तो खाली बसला, रॉकेलच्या डब्यात ब्रश बुडवला आणि धुऊ लागला. ब्रशच्या केसांत रंग राहू नये म्हणून बोटांनी दाबून दाबून, सावकाश. माझ्याकडे त्याने पुन्हा पाहिलं नाही.

घंटा झाली. मी आत गेलो, व्यासपीठावर चढलो. आज सांगायचंच, असं ठरवूनच चढलो होतो. साधं सांगायचं, चार शब्दांत. पोरांनी डोळे मिटले. मी तोंड उघडलं.

त्या दिवशीची प्रार्थना फार सुंदर झाली, असं नंतर सगळे म्हणाले.